काच फोडणारे ग्राउंड हॉर्नबिल: लिम्पोपोतल्या एका लॉजचं प्रकरण

दक्षिण आफ्रिकेत लिम्पोपो प्रांताच्या पूर्वेला, क्रुगर नॅशनल पार्कला लागून खासगी रानांचा मोठा पट्टा आहे. त्यातल्या एका छोट्या लॉजवर ग्राउंड हॉर्नबिलच्या (जमिनीवर चालणाऱ्या मोठ्या धनेशाच्या) एका कळपानं खोल्यांच्या काचा फोडायला सुरुवात केली, आणि तिथून पक्षी मारायचे की वाचवायचे इथपर्यंत गोष्ट गेली. लॉजची देखभाल बघणारा मॅनेजर साताऱ्याकडचा, त्याच्याकडूनच मला हे सगळं समजलं आणि नंतर जाऊन बघताही आलं. जागेचं आणि माणसांची नावं देत नाहीये, तिथं सगळे एकमेकांना ओळखतात आणि शेजारच्या रानवाल्याशी संबंध आत्ता कुठे सुधारलेत.

पार्श्वभूमी

लॉज म्हणजे सुट्या सुट्या आठ खोल्या, समोर कोरड्या नदीचं पात्र, काठानं जॅकलबेरीची आणि सायकॅमोर फिगची जुनी झाडं (हे फिग म्हणजे आपल्या उंबराचीच भावकी, खोडालाच फळं लगडतात), मागे मरुला, नॉबथॉर्न, लेडवूडचं विरळ रान. मालक नवरा-बायको साठीच्या पुढचे, आफ्रिकान्स बोलणारे, त्यांना सगळा स्टाफ ऊम आणि तानी म्हणतो, म्हणजे काका-काकू. काही वर्षांपूर्वी त्यांनी खोल्यांचं नूतनीकरण केलं आणि नदीकडची पूर्ण भिंत काढून जमिनीपासून छतापर्यंत सरकती काच बसवली, व्ह्यूसाठी. काच थोडी काळसर घेतली, ऊन कमी लागावं म्हणून. शिवाय तानींना हिरवळीचा शौक, त्यामुळे खोल्यांच्या पुढ्यात बोअरच्या पाण्यावर राखलेलं लॉन.

या तीन गोष्टी लक्षात ठेवा: खालपर्यंत काच, काळसर काच, समोर ओलं लॉन. प्रकरणाचं मूळ त्यातच होतं पण ते कळायला बराच वेळ गेला, कारण सगळ्यांचं लक्ष पक्ष्यावर होतं.

हा पक्षी नेमका कसा आहे

धनेश म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर सह्याद्रीतला राजधनेश येतो, उंच झाडावर फळं खाणारा, मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेणारी. सदर्न ग्राउंड हॉर्नबिल या सगळ्याला अपवाद आहे. हा चालतो. दिवसाचा बराचसा वेळ जमिनीवर, बोटांच्या टोकांवर तोल सांभाळत, डुलत डुलत, तीन-चार-पाच जणांची टोळी एका रांगेत पसरून गवत विंचरत जाते. खाणं पूर्ण मांसाहारी: टोळ, भुंगे, गोगलगायी, बेडूक, सरडे, साप, छोटी कासवं, जमलं तर ससासुद्धा. चोच कुदळीसारखी वापरतो, जमीन खणून अळ्या काढतो. उंचीला जवळपास एक मीटर, नराचं वजन चार किलोच्या आसपास, म्हणजे जगातला सगळ्यात वजनदार धनेश. रंग कोळशासारखा काळा, चेहरा आणि गळ्याची पिशवी लालभडक, मादीच्या गळ्यावर जांभळट-निळा डाग, आणि डोळ्यांना लांबसडक पापण्या, ज्या खरं तर पिसंच असतात. पंखांची पांढरी पिसं उडाल्याशिवाय दिसत नाहीत.

पहाटे उजाडायच्या आधी झाडावर बसूनच घुमायला लागतात, खोल, छातीत जाणवेल असा आवाज, नर-मादीची जुगलबंदी, तीन किलोमीटरवर ऐकू जाते. नवीन पाहुणे हमखास विचारतात, रात्री सिंह जवळ होता का. हे घुमणं म्हणजे हद्दीची घोषणा. क्रुगरमध्ये एका कळपाची हद्द साधारण १०० चौरस किलोमीटर धरतात, म्हणजे अख्खं पुणे शहर घेतलं तरी असे चार-पाचच कळप त्यात बसतील. आणि ती हद्द कळप जिवापाड राखतो, परका दिसला की पाठलाग, चोचीचे मार.

आता घराचं गणित. कळपात एकच जोडी अंडी घालते, बाकीचे, बहुतेक तरणे नर, मदतनीस. मादी एकटी अंडी उबवते आणि सगळा कळप तिला खाऊ आणून देतो. घरटं मोठ्या झाडाच्या ढोलीत, क्वचित कड्याच्या कपारीत, तोंड लिंपत नाहीत. चांगला पहिला पाऊस पडला की साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बहुतेक वेळा दोन अंडी, काही दिवसांच्या अंतरानं. उबवण चाळीसेक दिवस. पहिलं पिल्लू आधी निघतं, मोठं होतं, दुसरं अन्न न मिळाल्यानं काही दिवसांत मरतं, हे जवळजवळ ठरलेलंच. वाचलेलं पिल्लू तीनेक महिन्यांनी घरट्याबाहेर येतं आणि पुढे वर्ष-दोन वर्ष मोठ्यांच्या मागे मागे फिरून शिकतं. क्रुगरमधल्या अभ्यासाचा नेहमी सांगितला जाणारा आकडा असा की एका कळपातून सरासरी नऊ वर्षांनी एक पिल्लू प्रौढ होतं. नऊ वर्षांनी एक! हे पक्षी पन्नास वर्षांच्या वर जगू शकतात म्हणून हे चालून जातं, पण एक प्रौढ गेला की तो भरून निघायला किती काळ लागेल ते तुम्हीच बघा. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत २०१० पासून ही जात असुरक्षित गटात आहे, दक्षिण आफ्रिकेत तर संकटग्रस्त धरतात, देशात दीड-दोन हजारच्या आसपास पक्षी उरल्याचा अंदाज आणि त्यातले निम्मे क्रुगर आणि लगतच्या रानात. म्हणजे या लॉजच्या दारात जे येत होते ते कुणी साधेसुधे पाहुणे नव्हते.

अडचण कशी सुरू झाली

हिवाळ्याच्या शेवटी, म्हणजे तिकडच्या ऑगस्टमध्ये, रान पूर्ण वाळलेलं असतं. पाच जणांचा कळप लॉनवर येऊ लागला. पाहुणे खूश, फोटो, व्हिडिओ. किचनमधला एक पोरगा त्यांना चिकनचे तुकडे टाकायला लागला, त्याला वाटलं पाहुण्यांना जवळून दिसतील, टिपही मिळते. मग एका सकाळी मोठा नर तीन नंबरच्या खोलीसमोर थांबला, काचेतल्या नराकडे बघून घुमला, आणि चोच हाणली. पहिल्या दिवशी काच नुसती तडकली. दुसऱ्या दिवशी पडली. सप्टेंबर संपेपर्यंत डझनभर तरी काचा गेल्या होत्या, आणि नराचं बघून मदतनीसही हाणायला लागले होते.

सरकत्या दाराची एक काच मागवायची म्हणजे शहरातून माप, ऑर्डर, ट्रक, कच्च्या रस्त्यानं येताना एखादी तिथंच फुटते. तोवर खोली बंद, बुकिंग रद्द. विमा कंपनीनं पहिल्यांदा पैसे दिले, पुढच्या वेळी "हे टाळता येण्यासारखं नुकसान आहे" असं कळवलं. आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

त्यात स्टाफमध्ये वेगळीच धुसफूस. हाऊसकीपिंगच्या मुख्य बाई ईस्टर्न केपकडच्या, त्यांच्या गावाकडे हा पक्षी घराशी आला की वाईट खबर येते असं मानतात, त्या म्हणाल्या तीन नंबरमध्ये मी पाऊल टाकणार नाही. उलट लॉजचा म्हातारा ट्रॅकर (जनावरांचा माग काढणारा), ज्याला सगळे मादाला म्हणतात, तो म्हणाला हा पावसाचा पक्षी आहे, याला मारलं तर असा पाऊस लागेल की थांबायचा नाही, खबरदार कुणी हात लावला तर. दोन्ही समजुती खऱ्या लोकांच्या, खऱ्या मनातल्या, आणि मॅनेजर मध्ये.

आधी काय काय करून पाहिलं

हा भाग मी जरा सविस्तर लिहितो कारण जगभर माणसं हेच करतात, आपल्याकडेही.

पहिलं, हाकलणं. माळी टाळ्या वाजवायचा, पातेलं बडवायचा, एकदा गलोलही काढली. पक्षी वीस-तीस मीटर लांब जाऊन उभे राहायचे आणि माळी चहाला गेला की परत.

दुसरं, भीती घालणं. कुणीतरी रबरी साप टांगायची आयडिया काढली. आता जो पक्षी साप खातो त्याला सापाची भीती! मादीनं तो ओढून काढला, आपटून आपटून मारला, आणि चोचीत धरून लॉनभर मिरवली. पाहुण्यांचं मनोरंजन झालं तेवढंच.

तिसरं, पडदे. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं पण इथं उलटं झालं. आत जाड गडद ब्लॅकआऊट पडदे लावले आणि दिवसभर ओढून ठेवले. काच आरसा कधी होते? बाहेर उजेड आणि आत अंधार असला की. पडदे ओढल्यावर आतला उरलासुरला उजेडही गेला आणि काळसर काचेत प्रतिमा आधीपेक्षा ठसठशीत दिसायला लागली. त्या आठवड्यात हल्ले वाढले. मॅनेजर सांगतो की तेव्हाच त्याच्या डोक्यात पहिल्यांदा आलं की पक्षी खोलीत घुसायला बघत नाहीये.

पहिला निर्णायक टप्पा मला हा वाटतो. तोपर्यंत सगळ्यांचा प्रश्न होता "पक्ष्याचं काय करायचं", इथून तो "काचेचं काय करायचं" असा व्हायला सुरुवात झाली. आपल्याकडे दयाळ किंवा शिंजीर पार्क केलेल्या गाडीच्या आरशावर तासन्‌तास चोचा मारतो तेव्हा आपण आरसा दुमडतो किंवा त्यावर पिशवी चढवतो, दयाळाला गलोल मारत नाही. फरक एवढाच की दयाळ तीस-चाळीस ग्रॅमचा आणि हा चार किलोचा.

समोर असलेले पर्याय

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ऊमनी एक बैठक घेतली. मॅनेजर, मादाला, तानी, हाऊसकीपिंगच्या बाई, आणि फोनवर या पक्ष्यांवर काम करणाऱ्या एक अभ्यासक. शेजारचा रानवालाही आला होता, न बोलावता.

शेजाऱ्याचं मत सरळ: मोठा नर उडवा, बाकीचे जातील. तो तरसं-कोल्ह्यांसाठी पूर्वी विषारी मांस टाकायचा हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे त्याचं "बघतो मी" हे वाक्य कुणालाच आवडलं नाही. विषाचा मुद्दा फार गंभीर आहे, कळप एकत्र जेवतो, त्यामुळे एका आमिषावर अख्खा कळप जाऊ शकतो. कायद्यानं परवान्याशिवाय या पक्ष्याला मारणं किंवा पकडणं गुन्हा आहेच. पण अभ्यासक बाईंनी कायदा बाजूला ठेवून वेगळा मुद्दा मांडला: नर मेला तर जोडी मोडेल, यंदाचा विणीचा हंगाम जाईल, मदतनिसांपैकी एखादा त्याची जागा घेईल आणि तोही काच बघून हाणणारच, कारण काच तीच आहे. ऊम गप्प झाले ते इथं.

दुसरा पर्याय, पकडून लांब सोडणं. ऐकायला बरं वाटतं. पण अख्खा कळप एकाच वेळी पकडणं महाकठीण, अर्धा पकडला तर कळप फुटतो, नव्या जागी दुसऱ्या कळपाची हद्द असणारच, आणि इथली रिकामी झालेली हद्द शेजारचा कळप धरणार. म्हणजे खर्च करून नवीन काचफोडे बोलवायचे. हा पर्याय दहा मिनिटांत निकालात निघाला.

तिसरा, लांबवर कृत्रिम घरटं लावून त्यांचं लक्ष तिकडे वळवणं. या पट्ट्यात अशी लाकडी घरटी झाडांवर लावून चांगला उपयोग झालेला आहे, कारण मोठ्या ढोल्यांची जुनी झाडं कमी होत चाललीत. मॅनेजरला हा पर्याय फार आवडला होता. पण मादालानं सांगितलं की यांचं घरटं नदीच्या वळणावरच्या जॅकलबेरीत आहे, वर्षानुवर्षं तेच वापरतात, ढोली धडधाकट आहे. मग नवीन घरटं कशासाठी? ज्याला घर आहे त्याला दुसरं घर देऊन काचेचा प्रश्न सुटत नाही. मला वाटतं बैठकीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य म्हाताऱ्याचं होतं, आणि तो शाळेत गेलेला नाही.

चौथा पर्याय, काच बाहेरून झाकणं. शेडनेट, कोंबडीच्या खुराड्याची जाळी, काहीही, पण बाहेरून. तानींचा याला कडक विरोध. लोक पैसे देतात ते नदी बघायला, जाळी बघायला नाही. आणि हाही मुद्दा खोटा नव्हता, लॉज काही धर्मादाय संस्था नाही.

काय ठरलं आणि कसं केलं

शेवटी ठरलं ते असं की विणीचा हंगाम संपेपर्यंत जाळी, नंतर कायमचा उपाय शोधायचा, आणि दरम्यान पक्ष्यांना लॉजवर यायचं कारणच कमी करायचं.

जाळी लावायलाही पद्धत लागली. पहिल्या खोलीला माळ्यानं शेडनेट थेट काचेवर चिकटवली, नरानं जाळीसकट काच फोडली. मग काचेपासून हातभर अंतर सोडून पाईपची चौकट उभी केली आणि त्यावर जाळी घट्ट ताणून बसवली, सैल राहिली तर पाय किंवा चोच अडकायची भीती. उंची छतापर्यंत ठेवली नाही, हा पक्षी चालत येतो, त्याला दिसतो तो खालचा दीड-पावणेदोन मीटरचा भाग, तेवढाच झाकला. वरच्या काचेतून आकाश आणि झाडं दिसत राहिली, तानी थोड्या निवळल्या. व्हरांड्यातले कठडे आणि उंच कुंड्या हलवल्या, नाहीतर त्यावर चढून वरची काच गाठली असती.

लॉनचं पाणी खोल्यांच्या पुढ्यातलं बंद केलं. ओल्या मातीत अळ्या, अळ्यांमागे हॉर्नबिल, आणि त्याच्या नाकासमोर आरसा, ही साखळी तोडायची तर पाणीच थांबवावं लागणार होतं. किचनमधल्या पोराला समजावून सांगितलं, रागावून नाही, मादालानं त्याला एक दिवस सोबत नेऊन कळप रानात कसा शिकार करतो ते दाखवलं, त्यानंतर चिकन बंद झालं. गाड्या पार्किंगमध्ये उघड्या ठेवायच्या नाहीत, चकचकीत बॉनेट आणि आरसे झाकायचे. हाऊसकीपिंगच्या बाईंची अडचण कुणी हसण्यावारी नेली नाही, त्यांना दुसऱ्या बाजूच्या खोल्या दिल्या, आणि तीन नंबर दुसऱ्या मुलीनं घेतली. हे मला आवडलं. बरेच मॅनेजर इथं "अंधश्रद्धा" म्हणून भाषण ठोकतात आणि माणूस गमावतात.

दोन-तीन आठवड्यांत लॉजवरचे हल्ले जवळपास थांबले. कळप यायचा, जाळीसमोर थोडा रेंगाळायचा, आणि निघून जायचा.

मग दोन गोष्टी बिघडल्या

एक, डिसेंबर. तिकडे शाळांना उन्हाळ्याची सुट्टी, लॉज फुल्ल, आणि एका ग्रुपनं जाळीबद्दल तक्रार केली. ऊमनी पुढच्या दोन खोल्यांच्या जाळ्या काढायला सांगितल्या. मॅनेजरनं नाही म्हणून बघितलं पण मालक शेवटी मालक. काही दिवसांतच काच फुटली, पहाटे, आत माणसं झोपलेली. कुणाला लागलं नाही हे नशीब, कारण ती काच टफन्ड (फुटली तर बारीक बोथट तुकडे होणारी) नव्हती, मोठे धारदार तुकडे पडले होते. त्याच दुपारी जाळ्या परत चढल्या आणि त्यानंतर कुणी वाद घातला नाही.

दुसरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची. लॉजवर आरसा मिळेना म्हटल्यावर कळप शेजाऱ्याच्या घराकडे जायला लागला. त्याच्या बैठकीच्या खोलीला मोठी काच, दारात नवी डबलकॅब गाडी. दोन्हीवर हल्ले. ज्या माणसानं बैठकीत नर मारायला सांगितलं होतं, नेमकी त्याच्याच दारात बला गेली. त्यानं फोन करून ऊमना सांगितलं, एकतर तुम्ही बंदोबस्त करा नाहीतर मी करतो.

दुसरा निर्णायक टप्पा हा. कायदेशीरदृष्ट्या लॉजचा याच्याशी काही संबंध नव्हता. पण पक्ष्याची हद्द १०० चौरस किलोमीटर आणि लॉजचं रान त्याच्या एका कोपऱ्याएवढं, त्यामुळे "माझ्या कुंपणाच्या आत मी सोडवलं" याला अर्थच नव्हता. ऊमनी स्वतःच्या खर्चानं शेजाऱ्याच्या घराला चौकटी आणि जाळी बसवून दिली, गाडीला कव्हर दिलं, आणि जाळी बसवताना स्वतः दोन दिवस तिथं थांबले. जाळीपेक्षा त्या थांबण्याचा उपयोग जास्त झाला असं मॅनेजरचं मत आहे. दोघं म्हातारे व्हरांड्यात बसून बोलले, बरंचसं शिव्या देत असेल, पण बोलले.

निकाल

कळपातले पाचही जण त्या हंगामात जिवंत राहिले. जॅकलबेरीतल्या ढोलीत दोन अंडी होती, अभ्यासक बाईंनी लांबून खांबावरच्या कॅमेऱ्यानं बघितलं. एक पिल्लू मार्चमध्ये बाहेर आलं, दुसरं अपेक्षेप्रमाणे सुरुवातीलाच गेलं. मरणारं दुसरं पिल्लू वेळेत काढून हातानं वाढवायचं आणि पुढे जिथून ही जात संपलीय तिथं सोडायचं, असं काम लिम्पोपोतच माबुला इथला प्रकल्प १९९९ पासून करतोय. इथंही तो विचार झाला, पण परवानगी, नेमकी तारीख, नेणारा माणूस हे सगळं दुसरं पिल्लू निघायच्या आत जुळायला हवं, ते जुळलं नाही.

कायमचा उपाय पुढच्या हिवाळ्यात झाला. काचेच्या खालच्या भागाला बाहेरच्या बाजूनं सँडब्लास्ट करून दुधी पट्टे दिले, पट्ट्यांच्या मधून नदी दिसते पण अख्खा पक्षी प्रतिबिंबात दिसत नाही. आतून फिल्म लावायची स्वस्त ऑफर आली होती, मॅनेजरनं एका काचेवर ट्राय केली, बाहेरचा पृष्ठभाग तसाच चकचकीत राहिला त्यामुळे काही उपयोग नाही. पट्टे लावल्यावर एका बाथरूमची राहून गेलेली काच तेवढी फुटली. जाळ्या आता गोदामात आहेत, शेजाऱ्याकडच्या मात्र अजून लावलेल्याच.

पाहुण्यांचं म्हणाल तर, प्रत्येक खोलीत एक पान ठेवलंय, काचेवर पट्टे का आहेत ते सांगणारं. तक्रारी थांबल्या, उलट लोक पहाटे उठून घुमणं ऐकायला जातात. तानींनी हे पान स्वतः लिहिलं हे विशेष.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, पहिल्या तडकलेल्या काचेनंतर कुणीतरी तासभर शांतपणे उभं राहून बघायला हवं होतं की पक्षी नेमकं काय करतोय. काचेत बघून घुमणं, अंग फुगवणं, मग चोच, हे हद्दीच्या भांडणाचं वागणं आहे, आणि मादालाला ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं. त्याला ऑक्टोबरपर्यंत कुणी विचारलंच नाही. लॉजमध्ये ट्रॅकरला पाहुण्यांसोबत पाठवतात, मेंटेनन्सच्या मीटिंगला बोलवत नाहीत, ही खरी गोची.

दुसरं, चिकन. चारा घातल्यानं काच फुटली असं म्हणता येणार नाही, लॉन आणि काच असती तर कळप आलाच असता. पण माणसाची भीड मोडल्यामुळे हाकलण्याचा काहीच परिणाम उरला नाही आणि शेजाऱ्याच्या घरापर्यंत जायची हिंमतही त्यातूनच आली असावी, असं माझं मत. अभ्यासक बाई एवढ्या ठामपणे बोलल्या नाहीत.

तिसरं, जाळी लावायच्या आधीच शेजाऱ्यांना गाठायला हवं होतं. एका घरचा आरसा झाकला की पक्षी दुसरा शोधणार, हे १०० चौरस किलोमीटरच्या हिशोबातून आधीच निघत होतं. इथं निभावलं, कारण ऊमकडे पैसे होते आणि शेजारी बोलायला तयार झाला. बोलायला तयार नसलेला शेजारी असता तर कळपच उरला नसता.

डिसेंबरमधल्या जाळ्या काढण्यावर मॅनेजर आजही चिडतो, पण मला त्यात नुसता मालकाचा हट्ट दिसत नाही. तात्पुरता उपाय दिसायला कुरूप असला की धंद्याच्या पहिल्या गर्दीत तो गळणारच, हे गृहीत धरून पट्ट्यांचं काम ऑक्टोबरमध्येच एका खोलीवर करून बघता आलं असतं. तेवढ्यानं तानींचा विरोधही लवकर मावळला असता.

एक विषय अर्धवट राहिलाय तो शिशाचा. शेजारी इंपाला हरणं आणि वॉर्टहॉग (रानडुकराचा प्रकार) मारतो आणि आतडी रानातच टाकतो, त्यात शिशाच्या गोळीचे कण राहतात आणि ग्राउंड हॉर्नबिल ती आतडी खातात. शिशाची विषबाधा हा या पक्ष्यांना असलेला मान्य धोका आहे, आणि काचेइतका तो डोळ्यांना दिसत नाही. तांब्याच्या गोळ्या वापर म्हणून ऊमनी विषय काढला, तो म्हणाला महाग पडतात. आतडी पुरायला मात्र तयार झालाय, म्हणजे निदान तसं म्हणाला.

लॉजवर आता आणखी दोन खोल्या बांधायला घेतल्यात. त्यांच्या काचा कमरेच्या वरून सुरू होतात, खाली दगडी भिंत, आणि काच किंचित पुढे झुकवलेली, म्हणजे चालणाऱ्या पक्ष्याला त्यात जमीनच दिसेल. लॉनबद्दल मात्र तानी अजून ऐकत नाहीत, त्यांचं म्हणणं आहे की पट्टे लावलेत ना, मग पाणी सोडायला काय हरकत. मॅनेजर म्हणतो ऑगस्टपर्यंत थांबा. त्यावर वाद चालू आहे.